बेलवाल, लक्झेंबर्ग: भट्टी, ग्रंथालय आणि भोवतालची वस्ती

लक्झेंबर्गला जाणारी आपली बहुतेक मंडळी राजधानीतला किल्ला आणि दरीवरचे पूल बघतात, वेळ उरलाच तर व्हियांडेनचा गड, आणि मग पॅरिसची गाडी धरतात. देशाच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेला चिकटून, एश-सुर-अल्झेट नावाचं गाव आहे. त्याच्या कडेला बेलवाल हा जुना पोलाद कारखाना. त्या कारखान्याच्या जागेवर आता देशाचं विद्यापीठ आहे, संशोधन संस्था आहेत, आणि या सगळ्यांच्या मधोमध दोन ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजापासून लोखंड काढायच्या उंच भट्ट्या, अजून उभ्या आहेत. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आधीच सांगतो: भट्टीची सफर पाचपैकी पाच, ग्रंथालय पाचपैकी पाच, राहण्या-फिरण्याची वस्ती म्हणून पाचपैकी तीन.

माझी सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, ब्लास्ट फर्नेस विभागात झाली. सुरुवात कास्ट हाउसमधल्या, म्हणजे वितळलेला धातू जिथं बाहेर काढतात तिथल्या शिफ्टपासून, शेवट बर्डनच्या, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालाच्या, हिशेबाच्या टेबलावर. वडील विदर्भातून भिलाईला आले तेव्हा १९५९ साली पेटलेली पहिली भट्टी अजून नवी मानली जायची, आणि आमचं घर कायम भट्टीच्या वेळापत्रकावर चाललं. मुलगी मात्र बेलवालच्या जैववैद्यकीय संस्थेत पार्किन्सनच्या आजारावर काम करते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा तिच्या प्रयोगशाळेपासून पायी काही मिनिटांवर ब्लास्ट फर्नेस आहे हे मला ठाऊक होतं, पण ती अशा अवस्थेत असेल याची कल्पना नव्हती. हा अभिप्राय लोखंडवाल्याचा आहे. फोटो कुठून चांगला येतो ते इथं सापडणार नाही.

जागेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर वर चढून काय बघायचं ते कळत नाही. या भागाला मिनेट म्हणतात, कारण इथल्या लोहखनिजाचं नाव मिनेट. लाल माती आमच्या दल्ली-राजहऱ्याची, म्हणजे भिलाईला खनिज पुरवणाऱ्या खाणींची, आठवण करून देते, पण सारखेपणा रंगापुरताच. राजहऱ्याच्या दगडात लोखंड साठ टक्क्यांच्या वर सापडायचं. मिनेटमध्ये ते तीस टक्क्यांच्या आसपास, वर फॉस्फरस भरपूर. फॉस्फरसवालं लोखंड ठिसूळ होतं. १८७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिडनी गिलख्रिस्ट थॉमसनं कन्व्हर्टरला, म्हणजे लोखंडाचं पोलाद करायच्या भांड्याला, चुनखडीच्या जातीचं अस्तर देऊन फॉस्फरस स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या मळीत, उतरवण्याची पद्धत काढली आणि या गरीब दगडाला एकदम किंमत आली. ती स्लॅग दळून शेतात खत म्हणून जायची. मिनेटची आणखी एक गंमत धातुवाल्यांनाच कळेल: काही थर चुनेरी, काही वाळूचे. दोन्ही हिशेबानं मिसळले की वेगळा चुनखडीचा दगड फारसा घालावा लागत नाही. बर्डन स्वतःचा फ्लक्स, म्हणजे मळ वितळवून वेगळा करणारा चुना, बरोबर घेऊनच भट्टीत उतरतो. कोळसा मात्र देशात अजिबात नाही. कोक, म्हणजे भट्टीसाठी भाजलेला कोळसा, आगगाडीनं जर्मनीच्या रूर भागातून यायचा.

बेलवालचा कारखाना १९०९ ते १९१२ या काळात एका जर्मन कंपनीनं जंगल तोडून उभारला. पुढं तो आर्बेड या लक्झेंबर्गच्या कंपनीकडं आला. शेवटच्या पिढीतल्या तीन भट्ट्या म्हणजे १९६५ ची ए, १९७० ची बी आणि १९७९ ची सी. लक्झेंबर्गनं १९७४ साली चौसष्ट लाख टन पोलाद काढलं, आणि लगेच पुढच्या वर्षापासून युरोपभर पोलादाची मंदी आली. देशातली शेवटची लोहखाण १९८१ साली बंद पडली. ए भट्टी १९९५ ला थांबली. सी चीनच्या कुनमिंगला विकली गेली, तिचे सुटे भाग करून नेले. बी भट्टी १९९७ साली विझली, आणि त्याबरोबर लक्झेंबर्गमधलं भट्टीतून लोखंड काढणं संपलं. सीमेपलीकडं हाकेच्या अंतरावर ओदं-ल-तीशची खाण आहे. लॉरेन प्रांतातली ती शेवटची लोहखाणही त्याच वर्षी बंद झाली.

आता प्रत्यक्ष भेट. राजधानीहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. स्थानकाचं नावच बेलवाल-युनिव्हर्सिटे. तिकीट काढायचं नाही: २०२० पासून या देशात बस, ट्राम आणि आगगाडीचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनासुद्धा. स्थानकाबाहेर आलात की समोर उंच लाल इमारती, आणि थोडं पुढं गेलात की भट्ट्या. दोन्ही ऐंशी मीटरच्या वर. इमारतींच्या मधून भट्टीचा माथा, गॅसचे जाड पाइप आणि हवा तापवणाऱ्या स्टोव्हच्या घुमटाच्या टोप्या दिसतात. मला पहिल्यांदा जाणवलं ते आवाजाचं. भट्टीशेजारी उभं राहून एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. चालू भट्टी सतत गुरगुरत असते. भट्टीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा तो आवाज रात्री घरी झोपेतसुद्धा ऐकू यायचा आणि तो थांबला की सगळ्या कॉलनीला जाग यायची.

ए भट्टी वर चढून बघता येते. बी ची बाह्याकृती तेवढी राखली आहे. दोन्ही भट्ट्यांना २००० साली संरक्षित स्मारकांच्या यादीत घेतलं, आणि ए ची डागडुजी होऊन ती २०१४ मध्ये लोकांसाठी उघडली. सफरीची व्यवस्था उबदार महिन्यांपुरती असते; थंडीत जाणार असाल तर बाहेरूनच बघावं लागेल, तेव्हा वेळापत्रक बघून निघा. पायऱ्या भरपूर आहेत आणि जाळीच्या आहेत, म्हणजे खालचं सगळं पावलांखाली दिसतं. उंचीची भीती असेल तर आधी विचार करा. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं, मध्ये थांबायला जागा आहेत. चप्पल नको, बूट घाला.

या सफरीला पाच तारे का दिले ते आता सांगतो. जुने कारखाने राखतात तेव्हा बहुधा एखादी चिमणी ठेवतात, एखादं चाक रंगवून चौकात मांडतात. त्यातून काम कसं चालायचं ते कुणालाच उमगत नाही. इथं भट्टीचं काम वाचता येतं. माल कुठून यायचा, वर कसा जायचा, गरम हवा कुठून आत शिरायची, गॅस कुठून बाहेर पडायचा, धातू कुठून उतरायचा, हे सगळं साखळीनं डोळ्यांसमोर येतं. मी मुलीला खालून सुरुवात करायला लावली. आधी कच्च्या मालाचं कोठार, मग वर चढणारा मार्ग, मग माथा, मग उतरत उतरत बॉश, म्हणजे भट्टीचा खाली निमुळता होणारा भाग, आणि हर्थ, म्हणजे धातू साठतो तो तळ. खनिज ज्या वाटेनं गेलं त्या वाटेनं माणसानं गेलं तर भट्टी समजते. मार्गदर्शक उलट्या क्रमानं नेत असतील तरी मनात हा क्रम धरा.

माथ्याकडं पोचल्यावर मी बराच वेळ थांबलो, कारण तिथं लक्झेंबर्ग आणि भिलाई यांचं एक खरं नातं आहे. पूर्वी भट्टीच्या तोंडावर दोन घंटा असत, एक लहान, एक मोठी. एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, म्हणजे माल आत जातो आणि गॅस बाहेर पळत नाही. पण घंटेतून माल पडायचा तो ठरलेल्या कड्यातच. कोक मध्ये किती आणि खनिज काठाला किती यावर माणसाचा ताबा थोडा. लक्झेंबर्गच्या पॉल वुर्थ कंपनीनं ही घंटाच काढून टाकली आणि तिच्या जागी फिरणारं पन्हाळं बसवलं. पन्हाळं हव्या त्या कोनात झुकवता येतं, त्यामुळे मालाचा थर आखून टाकता येतो. १९७० च्या दशकात आलेली ही रचना आज जगभरच्या मोठ्या भट्ट्यांवर आहे. २०१८ साली पेटलेल्या भिलाईच्या आठ नंबरच्या भट्टीवर, म्हणजे आमच्या महामायेवरही ती आहे. या छोट्या देशानं लोखंड काढणं थांबवलं, पण लोखंड काढण्याची अक्कल तो अजून जगाला विकतो आहे.

खाली कास्ट हाउसमध्ये मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटलं. इथं टॅपहोल, म्हणजे धातू बाहेर काढायचं भोक, ड्रिलनं उघडायचं, दीड हजार अंशांच्या आसपासचा धातू मोठ्या खोबणीतून वाहायचा, स्किमर नावाच्या अडसरापाशी स्लॅग वरच्या वर वेगळी वळायची, आणि कास्ट संपला की मड गन फिरवून तोंड बुजवायचं. मड गननं चिकणमाती ठोसायची तो क्षण भट्टीवाल्याच्या आयुष्यातला सगळ्यात सावध क्षण. ती माती म्हणजे साधी माती नाही: तिच्यात डांबर, कोकची भुकटी असं काय काय असतं, ती काळी असते आणि हाताला चिकटते. बेलवालमध्ये ही माती तयार करण्यासाठी वेगळी इमारत होती. ती इमारत अजून उभी आहे, तिचं नाव मासन्वार, आणि आता तिथं प्रदर्शनं भरतात. भट्टीचं तोंड बुजवणारी माती जिथं कालवत होते ती जागासुद्धा कुणालातरी राखावीशी वाटली, हे बघून मला फार बरं वाटलं. पोलादाच्या गावांत मोठ्या यंत्रांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मड मिलवर घाम गाळणाऱ्यांची कुणी विचारपूस करत नाही.

ट्युयरपाशी, म्हणजे गरम हवा भट्टीत शिरते त्या नळीपाशी, मुलीनं विचारलं, "बाबा, आतलं काही दिसत नसताना भट्टीला काय झालंय ते तुम्हाला कळायचं कसं?" प्रश्न बरोबर होता. ट्युयरच्या मागं निळ्या काचेचं छोटं भोक असतं, त्यातून कोकचे तुकडे नाचताना दिसले की भट्टी बरी, काळं काही घसरताना दिसलं की ती थंड पडते आहे. धातूतलं सिलिकॉन वाढलं की गरमी वाढली. थंड झालेल्या स्लॅगचा तुकडा मोडून त्याचा रंग बघायचा. वरच्या गॅसचं तापमान, हवेचा दाब, सगळं बाहेरून. यातला एक आकडा पुरत नाही, पण पाच-सहा खुणा एकत्र बघितल्या की आठ तासांनी काय होणार ते जुना माणूस सांगू शकतो. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की त्यांचाही सगळा खटाटोप हाच आहे: हात थरथरायला लागतात तेव्हा मेंदूतल्या पेशी मरून बराच काळ लोटलेला असतो, म्हणून त्याच्या कितीतरी आधीच्या खुणा शोधायच्या, रक्तात, झोपेत, वासाच्या जाणिवेत. तिच्या कामाबद्दल मला इतकं स्पष्ट आधी कधी कळलं नव्हतं. तिनं बरीच वर्षं सांगितलं असेल. ते समजायला मला ट्युयरजवळ उभं राहावं लागलं.

आता ग्रंथालय. भट्टीच्या पायथ्याशी म्योलेराय नावाची लांबलचक इमारत आहे, १९१० च्या सुमाराची. खनिज आणि कोक इथं साठायचा, मापून मिसळायचा आणि वर जायचा. आमच्याकडं याला स्टॉक हाउस म्हणतात. पोलाद कारखान्यातली सगळ्यात धुळकट, सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. त्याच इमारतीच्या एका भागात २०१८ पासून विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, नाव लर्निंग सेंटर. जुना पोलादी सांगाडा ठेवला, त्यावर त्रिकोणी काचांची भिंत चढवली आणि आत मोकळे मजले टाकले. खालच्या मजल्यावर उभं राहिलं की छतापर्यंत नजर जाते. बसायला हजारभर जागा आहेत.

मला तिथं आवडलं ते असं: मी विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही, त्या देशाचा नागरिकही नाही, तरी मला कुणी दारात अडवलं नाही. ग्रंथालय सगळ्यांसाठी उघडं आहे. खिडकीपाशी खुर्ची धरली, धातुशास्त्राचे फ्रेंच आणि जर्मन ग्रंथ काढले. भाषा येत नसली तरी आकृत्या आणि फेज डायग्राम सगळ्या जगात एकच असतात. आजूबाजूला जगाच्या सगळ्या कोपऱ्यांतली मुलं. विद्यापीठात सात हजारांच्या आसपास विद्यार्थी आणि शंभराहून जास्त देशांचे. कुणी गणित सोडवतं आहे, कुणी हेडफोन लावून झोपलं आहे. कुणीही कुणाला हटकत नाही. दुपारी सूर्य फिरला की काचांवरच्या नक्षीमुळं ऊन चाळून आत येतं, डोळ्यांवर येत नाही. आवाज मात्र थोडा घुमतो, कारण जागा मोठी आणि पोलादाची. एकाग्रता हवी असेल तर वरच्या मजल्यांवर कोपऱ्यातली जागा घ्या.

अशी जागा आपोआप तयार होत नाही. ती कशी झाली हे मी मुद्दाम वाचून काढलं. पोलादाची मंदी आली तेव्हा लक्झेंबर्गनं सरकार, मालक आणि कामगार संघटना यांना एका टेबलाशी बसवलं. तिथं त्याला त्रिपक्षीय पद्धत म्हणतात. हजारो माणसं कमी झाली, पण एकगठ्ठा रस्त्यावर आली नाहीत: काहींना लवकर निवृत्ती मिळाली, काहींना दुसऱ्या कामांवर घेतलं, आणि खर्चाचा भार सगळ्या देशानं उचलला. कारखान्याची जमीन मोकळी झाली तेव्हा सरकार आणि आर्बेड यांनी २००० साली अगोरा नावाची कंपनी काढली, दोघांची भागीदारी निम्मी-निम्मी. जमीन साधारण १२० हेक्टर. डच वास्तुविशारद यो कूनेन यांचा आराखडा निवडला. विद्यापीठ, संशोधन संस्था आणि भट्ट्या या सार्वजनिक भागासाठी २००२ मध्ये कायदा करून फों बेलवाल ही वेगळी सार्वजनिक संस्था उभी केली. तिच्याकडं एकच काम: हे सगळं बांधायचं आणि सांभाळायचं. त्यानंतर एकेक येत गेलं. रॉकहाल हे संगीताचं सभागृह २००५ साली आलं, विद्यापीठाचं मुख्य बस्तान २०१५ ला हललं, त्याच वर्षी दोन जुनी संशोधन केंद्रं एकत्र होऊन विज्ञान-तंत्रज्ञान संस्था झाली, मग ग्रंथालय. भट्टी विझल्यापासून ग्रंथालय उघडेपर्यंत एकवीस वर्षं गेली. भट्ट्या राखण्याच्या खर्चावरून वादही झाले. तरी काम थांबलं नाही.

मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुलना टाळता येत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम चांगला होता: गिरणीची जमीन विकायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारती उभ्या असलेली जमीन वाटणीतून सुटली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. एका ओळीच्या बदलानं परळ-लोअर परळचं काय झालं ते रस्त्यावरून जाताना दिसतं. बेलवालचे लोक आपल्यापेक्षा शहाणे नाहीत. त्यांच्याकडं जमिनीचा निम्मा मालक सरकार होतं, आणि सार्वजनिक भाग बांधायला स्वतंत्र संस्था आणि तिच्या हाताशी पैसा होता. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय राखून ठेवलं आहे. ते करणाऱ्यांनी एकदा इथं येऊन ही भट्टी चढावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. माग नुसते काचेआड मांडू नका, सूत कुठून आत आलं आणि कापड कुठून बाहेर गेलं ती वाट चालून बघता आली पाहिजे.

आणखी एक गोष्ट पर्यटकांच्या नजरेतून निसटते. बेलवालमध्ये पोलाद संपलेलं नाही. विद्यापीठाच्या शेजारीच चालू कारखाना आहे, आता आर्सेलरमित्तलचा. तिथं खनिज नाही, कोक नाही. भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात आणि त्यापासून शीट पाइल लाटतात, म्हणजे बंदरांच्या आणि नदीकाठांच्या भिंतींसाठी जमिनीत ठोकायचे एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे. संध्याकाळी वारा त्या बाजूनं आला की रोलिंग मिलचा ओळखीचा आवाज येतो. माझ्या मते या जागेचं खरं मोल यात आहे. एकाच वस्तीत विझलेली भट्टी, चालू मिल आणि त्यांच्यामधे प्रयोगशाळा. इथं शिकणाऱ्या मुलाला उद्योग भूतकाळातली गोष्ट वाटत नाही.

आता तीन तारे का, ते. वस्ती म्हणून बेलवाल अजून भरलेली नाही. कामाच्या दिवशी दुपारी गजबज असते, पण रविवारी विद्यापीठाच्या बाजूला माणूस शोधावा लागतो. चौक मोठे, फरसबंदी खूप, सावली कमी. वारा इमारतींच्या मधून जोरात येतो; उन्हाळ्यातसुद्धा कानटोपी बरोबर ठेवली तर बरं. कारखान्याची जमीन धुऊन-उपसून स्वच्छ करावी लागली, म्हणून मोठी झाडं यायला वेळ लागणार हे मी समजू शकतो, पण बसायला आणखी बाकं ठेवायला कुणाची हरकत नसावी. म्हाताऱ्या माणसाला भट्टीकडं बघत निवांत बसावंसं वाटतं, आणि तिथं ती सोय फार थोडी आहे.

घरभाडं हा दुसरा प्रश्न. सगळा देशच महाग आहे. मुलीच्या प्रयोगशाळेतले कितीतरी तरुण सीमेपलीकडं फ्रान्समध्ये राहतात आणि रोज ये-जा करतात. जुन्या काळी इटलीतून आणि मग पोर्तुगालहून आलेले कामगार एशच्या गल्ल्यांत कारखान्याला लागून राहायचे. आज त्याच जागी काम करणाऱ्या संशोधकाला तिथं खोली परवडत नाही, हे मला खटकतं. कॉलनी आणि कारखाना जोडून असले की माणसं एकमेकांना ओळखतात, हे आम्ही भिलाईच्या सेक्टरांमध्ये पाहिलं आहे. पुढच्या टप्प्यात घरं वाढतील असं म्हणतात. ती पगाराच्या आवाक्यातली असावीत.

जेवणाचं: परिसरात खाण्याच्या जागा आहेत, मॉलमध्येही आहेत, पण शाकाहारी माणसाला पर्याय मोजकेच, आणि एका ठिकाणी आम्हाला मिळालेलं शाकाहारी सँडविच अगदीच कोरडं होतं. आम्ही पुढच्या वेळी धपाटे आणि लसणाची चटणी डब्यात नेली आणि पाण्याच्या कडेला बसून खाल्ली. एश गावात, म्हणजे एका स्थानकावर, जुन्या रस्त्यावर पोर्तुगीज बेकऱ्या आहेत. चहा-कॉफीबरोबर तिथली अंड्याची छोटी टार्ट घ्या, अंडं चालत असेल तर. तसंही एश बघितल्याशिवाय बेलवाल अर्धवट राहतं, कारण कारखान्यात राबणारी माणसं त्या गावात राहायची.

लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर भट्टीच्या पायऱ्यांवर हात धरा. मुलं फार प्रश्न विचारतात, आणि मार्गदर्शक शांतपणे उत्तरं देतात. आमच्या गटाबरोबरच्या मार्गदर्शकानं माझ्या मोडक्या इंग्रजीतल्या प्रश्नांनाही वेळ दिला, मड गनबद्दल मी सांगितलेलं बाकीच्यांना फ्रेंचमध्ये समजावून सांगितलं. कुठल्या भाषेत सफर आहे ते आधी विचारा. धातुशास्त्र, यंत्र किंवा वास्तुशास्त्र शिकणारी मुलं असतील तर पूर्ण दिवस ठेवा: सकाळी भट्टी, दुपारी ग्रंथालय, संध्याकाळी भट्ट्यांभोवती दिवे लागल्यावर एक फेरी. पोलाद कारखान्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशा आईवडिलांना घेऊन जा. त्यांना काही समजावायची गरज पडणार नाही, तेच तुम्हाला समजावतील.

खनिज कुठून यायचं ते बघायचं राहिलं आहे. त्यासाठी जवळच रुमेलांज गावात लोहखाणींचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, छोट्या गाडीतून खाणीत आत नेतात. मुलीनं उन्हाळ्यातल्या एका शनिवारचं नियोजन केलं आहे. आत थंडी असते म्हणे, तेव्हा स्वेटर घेऊन जाणार आहे. मिनेटचा एक खडा हातात घेऊन तो राजहऱ्याच्या दगडापेक्षा किती हलका लागतो ते मला बघायचं आहे.